दोन लांब, एक आखूड

ऐंशीनंतरच्या काही वर्षांत दिवाळी ते होळी मी गाडीत राहत होते. गाडीत म्हणजे खरोखरच गाडीत. माझा नवरा धानगिरण्यांतल्या हलरचा, म्हणजे धान सडायच्या यंत्राचा, मिस्त्री. नवं धान घरात आलं की नागभीड, सिंदेवाही, मूल या पट्ट्यातल्या गिरण्या धडधडायला लागतात आणि धडधडता धडधडता बंद पडतात. मग मिस्त्रीला बोलावणं येतं. एका गिरणीवर चार दिवस, दुसरीवर आठ. आधी तो सायकलला अवजारं बांधून जायचा आणि मी नागभीडच्या खोलीत भिंती बघत बसायची. मग एका हिवाळ्यात त्याने कुठल्याशा धर्मादाय संस्थेची मोडीत निघालेली गाडी लिलावात घेतली आणि दारात आणून उभी केली. चेहरा असा, की विमान आणलंय.

ती फिरत्या दवाखान्याची गाडी होती. संस्थेने तो दवाखाना बंद केला आणि गाडी विकून टाकली, एवढंच आम्हाला माहीत. आत रोग्याला झोपवायचा बाक होता, त्यावर आमची गादी आली. हात धुवायचं बेसिन होतं, त्यात मी तांदूळ धुवायची. एका बाजूला खणांचं लाकडी कपाट, आणि खणांवर पांढऱ्या रंगात लिहिलेलं: ताप, खोकला, जुलाब, खरूज. ती अक्षरं खरवडून निघेनात. मग मी तिखट ‘ताप’मध्ये ठेवलं, साखर ‘जुलाब’मध्ये, लाखोळीची डाळ ‘खोकल्या’त. ‘खरूज’मध्ये नवऱ्याचे नटबोल्ट गेले, कारण तिथे खायचं काही ठेवायला माझा हात होईना. बाहेरची मोठी लाल फुली त्याने निळ्या रंगाने बुजवली. रंगाचा एकच हात मारला, दुसरा ‘पुढच्या आठवड्यात’ मारणार होता. तो पुढचा आठवडा दोन वर्षांत आला नाही. गाडी उन्हात उभी राहिली की निळ्याखालून फुली दिसायची.

आणि भोंगा. लिलावाच्या दिवशी गाडीच्या जुन्या ड्रायव्हरने किल्ली देताना नवऱ्याला शिकवलं होतं, गाव आलं की शिवेवर दोन लांब वाजवायचे आणि एक आखूड. का, ते त्याने सांगितलं नाही, याने विचारलं नाही. मिस्त्री लोकांचं असंच असतं, यंत्राबरोबर जी सवय मिळते ती ते पाळतात. तो प्रत्येक गावाच्या शिवेवर मन लावून दोन लांब, एक आखूड वाजवायचा. मी म्हणायची, “अजी, गिरणीवाल्याले समजलं आपण आलो. आता पुरे.” नागभीडकडच्या गावांत त्याचं कोणाला काही वाटत नव्हतं. तिकडे ही गाडी दवाखाना असताना कधी गेलीच नव्हती.

पौषातल्या थंडीत एका सकाळी मी नागभीडच्या पोस्टात गेले. फिरत्या माणसांची पत्रं तिथे पडून राहायची, मी पंधरा-वीस दिवसांनी जाऊन आणायची. एकच कार्ड होतं, भावाचं. माझं माहेर पार खाली, सिरोंच्याच्या अलीकडे. भाऊ तिथे लाकडाच्या आगारात कामाला, माय त्याच्याजवळ. कार्डावर तीन ओळी होत्या. ‘माय अंथरुणाले लागली. सिरोंच्याच्या डॉक्टरने घरी न्या म्हटलं. रोज तुहं नाव घेते, लवकर ये.’

तारीख पाहिली. सोळा दिवस झाले होते.

पोस्टाच्या पायरीवर मी बसले. चार वर्षं मी माहेरी गेले नव्हते. हिवाळ्यात धंदा, उन्हाळ्यात ऊन, पावसाळ्यात तिकडचे रस्ते बंद. ही कारणं मी दरवर्षी मायला पत्रात लिहायची आणि मला ती खरी वाटायची. त्या पायरीवर एकही खरं वाटेना. सोळा दिवस तिने माझं नाव घेतलं होतं आणि मी इकडे कपाटाच्या खणांवरून नवऱ्याशी थट्टा करत होते.

नवऱ्याने एका गिरणीचा हलर उघडून ठेवला होता. त्याने तो तसाच बांधून दिला, गिरणीवाल्याच्या शिव्या खाल्ल्या आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही निघालो. पेटी भरताना मी पांढरं लुगडं काढून वर ठेवलं. आमच्यात मयतीला पांढरं नेसतात. मग स्वतःचीच अशी चीड आली, की ते पेटीच्या तळाशी कोंबलं आणि वर त्याची अवजारं ठेवली.

मूल गाव गेलं, वैनगंगा ओलांडली, गडचिरोली गेलं. गाडी पळता पळत नव्हती. चढ आला की मी सीटवर पुढे सरकून बसायची, जसं काही माझ्याने ती चढणार होती. चामोर्शीला बाजाराचा दिवस होता. रस्त्यावर वांग्यांचे ढीग, बैलगाड्या, कोंबड्या, आणि मधोमध आमची गाडी. तिथून बाहेर पडायलाच तासभर गेला. मी खिडकीतून डोकं काढून लोकांवर ओरडले. एक बाई म्हणाली, “एवढी घाई असन त उडून जा ना.” मला रडू आलं.

चामोर्शीच्या पुढच्या पहिल्याच गावाच्या शिवेवर नवऱ्याने सवयीने भोंगा वाजवला. दोन लांब, एक आखूड. गाव ओलांडायच्या आत लोक रस्त्यावर आले. एकेक करून नाही, घराघरातून. बायका, म्हातारे, कडेवर पोरं. प्रत्येकाच्या हातात रिकामी बाटली. कोणाची काचेची, कोणाची तेलाची धुतलेली, तोंडाला पळसाच्या पानाचं बूच. त्यांनी गाडीला घेरलं. पुढे काठी टेकत आलेला म्हातारा खिडकीशी उभा राहिला.

“डॉक्टरसाहेब कुठी आहेत?”

“डॉक्टर नाई, भाऊ,” मी म्हटलं. “हे आमचं घर आहे.”

“घर?” त्याने निळ्या रंगाकडे पाहिलं, उन्हात फुली चांगली दिसत होती. “मंग भोंगा काऊन वाजवला?”

नवरा खाली उतरला. म्हाताऱ्याने त्याला सगळं समजावून सांगितलं, जसं काही चूक सुधारायला अजून वेळ होता. महिन्यातून एकदा ही गाडी यायची, डॉक्टर, कंपाउंडर आणि एक सिस्टरबाई घेऊन. दोन लांब, एक आखूड म्हणजे दवाखाना आला. औषध पाहिजे त्याने आपली बाटली आणायची, कंपाउंडर त्यात लाल औषध भरायचा आणि बाटलीवर डोसाच्या खुणा कातरलेली कागदाची पट्टी चिकटवायचा. एक खूण एक वेळ. गाडी घाईत असली तर थांबायची नाही. मग लोक मैलाच्या दगडापाशी बाटल्या ठेवून देत आणि परत येताना डॉक्टर त्या भरून ठेवून जात. कोणती बाटली कोणाची, ते कंपाउंडरला पाठ होतं.

“सिरोंच्यापावतो जात होती हे गाडी,” म्हातारा म्हणाला. “गेली आन् आलीच नाई. आमी म्हटलं, येईन. दोन वर्सं झाले.”

सिरोंच्यापर्यंत. म्हणजे माझ्या मायच्या गावावरून, मी माहेरी जाईनाशी झाल्यावर. ज्या बेसिनमध्ये मी तांदूळ धुवत होते तिथे हात धुऊन कोणीतरी माझ्या मायची नाडी पाहत असे. तिचा दवाखाना आम्ही विकत घेतला होता आणि त्यात तिखट-मीठ भरलं होतं. कायद्याने आमचं काही चुकलं नव्हतं. पण हे मी कोणाला सांगत होते?

लोक हलेनात. एका बाईने दारातून आत पाहिलं, तिला खणांवरची अक्षरं दिसली. “हे काय, लिहून त आहे ना, ताप!” मी तिला खण उघडून तिखट दाखवलं. तिने वास घेतला, माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी तिचं औषध खाऊन टाकलंय. नवरा प्रत्येकाला हात जोडून नाही म्हणत होता. त्याच्याजवळ डोकेदुखीचा बाम होता, तोही त्याने बोटाबोटाने वाटून संपवला. तास-दीड तास गेला.

“आता भोंग्याले हात लावला त पाहा,” गाडी सुरू होताच मी म्हटलं.

त्याने नाही लावला. पण काही उपयोग झाला नाही. पुढच्या गावांत लोकांनी गाडी तिच्या तोंडावरून ओळखली. आष्टीपर्यंत तीन ठिकाणी थांबलो. तीन ठिकाणी बाटल्या, तीन ठिकाणी हात जोडणं. मी म्हणायची, थांबू नका. तो म्हणायचा, “नाई म्हणून सांगू त दे. लोक वाट पाहून राह्यले.” मला तो शब्दच सहन होत नव्हता. वाट माझी माय पाहत होती. या लोकांना निदान उद्या होता. तिला होता की नाही, मला माहीत नव्हतं. त्या दिवशी प्रत्येक आजारी माणसाचा मला राग येत होता. हे लिहायला लाज वाटते, पण तसं होतं.

आलापल्लीला मुक्काम करावा लागला आणि पहाटे पुन्हा निघालो. पुढे सागाचं दाट जंगल, दव इतकं की पानांवरून पाणी टपटपत होतं. ऊन जरा वर आलं तेव्हा एका वळणावर एक बाई रस्त्याच्या मधोमध उभी दिसली. अंगावर विटकं लुगडं, खांद्यावर फडक्यात गुंडाळलेलं पोर. पोराची मान मागे पडली होती. तिच्या एका हातात बाटली होती आणि तो हात तिने वर केला होता. गाडीचा आवाज तिने लांबूनच ओळखला असणार.

नवऱ्याने ब्रेकवर पाय ठेवला. मी त्याचा दंड धरला.

“नाई.”

“अवं, लेकरू पाह्य ना.”

“तुमच्याजवळ काय आहे द्यायले? बाम बी नाई. उतरान, हात जोडान, तास जाईन. माही माय मरून राह्यली! चला!”

मी हे किंचाळून म्हटलं. तो माझ्याकडे न बघता गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन तिला वळसा घालून पुढे गेला. आरशात ती दिसत होती. ती पळत आली, बरंच पळाली. मग थांबली, रस्त्याच्या बाजूला गेली, वाकली आणि मैलाच्या दगडापाशी बाटली ठेवली.

आपण तिला मागे आलापल्लीला, सरकारी दवाखान्यात तरी नेऊ शकलो असतो, हे मला चार मैल पुढे गेल्यावर सुचलं. त्यालाही सुचलं असणार. गाडी वळवायची असेल तर तेव्हा वळवता आली असती. मी हात मांडीवर घट्ट दाबून बसून राहिले.

गावाजवळ आलो तसं मला रडणारी माणसं दिसतात का, घरापुढे गर्दी आहे का, तेवढंच बघायचं होतं. गर्दी नव्हती. रस्त्याच्या कडेला ऐनाच्या झाडाशेजारी उन्हात एक खाट टाकलेली होती, खाटेवर गोधडी, आणि गोधडीतून बाहेर आलेलं पांढरं डोकं जरासं हललं. शेजारी भाऊ उकिडवा बसला होता.

“जित्ती आहे!” मी ओरडले. “अजी, माय जित्ती आहे!”

आणि नवऱ्याने आनंदाने भोंगा वाजवला. कालपासून दाबून ठेवलेला हात सुटला त्याचा. दोन लांब, एक आखूड.

मी धावत खाटेशी गेले. मायचे दोन्ही डोळे मोतीबिंदूने पांढुरके झाले होते. चार वर्षांपूर्वी ती मला बसस्टँडवर सोडायला दोन कोस चालत आली होती. आता गोधडीखाली ती आहे की नाही तेही समजत नव्हतं. मी तिचा हात हातात घेतला. तिने तो सोडवून घेतला, उशाखाली चाचपडून एक बाटली काढली आणि माझ्यापुढे धरली.

“सिस्टरबाई, लय दिवस लावले हो.”

“माय, मी आहो. तुही पोरगी.”

ती हसली. तोंडात एक दात राहिला होता. “थट्टा नोका करू, बाई. भोंगा आयकला ना मी.”

भाऊ मला बाई म्हणतो. त्याने तिच्या कानाशी वाकून सांगितलं, “माय, बाई आली, बाई! नागभीडहून!” ती त्याच्यावर चिडली. दवाखान्याची माणसं खोळंबली आहेत, आधी औषध घेऊ दे, म्हणाली. मी तिचा हात माझ्या तोंडावरून फिरवला, लहानपणी खोक पडलेल्या कपाळावर ठेवला. तिने तो नम्रपणे मागे घेतला, जसा परक्या बाईच्या अंगावरून घेतात.

भावाने मग हळूच सांगितलं. गाडी यायची बंद झाल्यावरही ती महिन्याच्या महिन्याला बाटली घेऊन रस्त्यावर येऊन बसे. आजारी पडल्यावर रोजच म्हणू लागली, खाट रस्त्यावर टाक. “म्या म्हटलं, बाईची वाट पाह्यते असन. तुही बी पाहे, गाडीची बी पाहे. मले काय समजते?”

ती माझी वाट बघत होती हे खरं होतं, आणि मी आले होते हेही खरं होतं. पण आम्ही ज्या गाडीतून आलो तिने दुसऱ्याच कोणाला आणलं होतं. त्या भोंग्यावरून मी नवऱ्याला काय काय बोलले! तो गाडीमागे जाऊन चाकाला टेकून बसला आणि तोंडात लुंगीचा बोळा कोंबून रडला. त्याच्या जागी मी असते तर? जिवंत दिसली म्हणून मीही वाजवलाच असता.

शेवटी मी बाटली घेऊन गाडीत गेले. ‘जुलाब’च्या खणातून साखर काढली, चिमूटभर मीठ, पाणी, आणि रंगाला कोरा चहा. वहीच्या कागदाची पट्टी कातरली, भाताच्या शिताने बाटलीला चिकटवली. एक खूण एक वेळ. म्हातारा सांगत होता तसंच सगळं केलं. दुसरं काही माझ्या हातात नव्हतं.

मायने पट्टीवरून बोट फिरवलं, खुणा मोजल्या. आठ होत्या.

“एवढं नोको, बाई,” ती म्हणाली. “थोडंसं द्या. माही पोरगी येऊन राह्यली, ते येईपावतो पुरलं म्हणजे झालं.”

मी दोन चमचे तिच्या तोंडात घातले. ते गोड लागलं म्हणून तिला आश्चर्य वाटलं.

ती आणखी चार दिवस जगली. चारही दिवस मी तिची सिस्टर होते. तिला पुसलं, भरवलं, कूस बदलून दिली, आणि ती मला माझ्याबद्दल सांगत राहिली. पोरगी रागीट आहे, पण मनाची वाईट नाही. पोरगी गाडीत राहते म्हणे, तिला घर नाही. रस्त्यात कुठे भेटली तर सांगा. मी सांगते म्हटलं. पाचव्या दिवशी सकाळी बाटलीत एक खूण उरली होती. पेटीच्या तळाशी कोंबलेलं पांढरं लुगडं काढायला अवजारं बाजूला करावी लागली. गावातल्या आमच्या लोकांनी त्रिशरण म्हटलं, भावाने अग्नी दिला.

आठवड्याने आम्ही परत निघालो. त्या वळणाशी मी काही बोलायच्या आधीच नवऱ्याने गाडी थांबवली. बाई नव्हती. जवळपास घर दिसेना, जंगलात आत जाणारी एक पाऊलवाट तेवढी होती. नवरा त्या वाटेने हाका मारत बराच आत जाऊन आला. कोणी भेटलं नाही.

बाटली मैलाच्या दगडाला टेकून उभी होती. धुतलेली, तोंडाला पानाचं बूच. पान ताजं होतं. म्हणजे ती रोज येऊन बदलत होती.

पान हिरवं होतं, तेवढ्यावरून मी मनाशी ठरवायला बघत होते की पोर जगलं असेल. ते नसतं तर ती बूच कशाला बदलेल? मग लगेच वाटलं, तापातच पडून असेल, म्हणूनच बदलते. माझ्याजवळ साखर होती, मीठ होतं, चहा होता. कातरायला कागदही होता. मी बूच काढलं. माय म्हातारी होती, तिचं सगळं संपलंच होतं, तिला मी साखरेचं पाणी दिलं. हे कोणाचं तरी तान्हं पोर होतं. त्याच्या आईने साखरेच्या पाण्यावर विसंबून आलापल्लीची वाट धरली नसती.

मी बूच परत लावलं. बाटली उचलून नेली असती तर तिला वाटलं असतं, भरून आणायला नेली. तशीच ठेवली तर तिला वाटणार होतं, गाडी अजून परत यायची आहे. मला लिहिता येत होतं, पण तिला वाचता येत असेल असं काही तिच्याकडे पाहून वाटलं नव्हतं.

मी बाटली दगडापाशी जशी होती तशी ठेवली आणि गाडीत येऊन बसले.